कोकणातलं कौलारू घर, दोन रात्री आणि नळ फिरवायची काठी

कुंपणावरची | रविवार, रात्री ९.४०

हा धागा काढू की नको यात दोन आठवडे घालवले. शेवटी नवरा म्हणाला, लिहून टाक, नाहीतर दिवाळीपर्यंत मलाच ऐकवत राहशील. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

दसरा झाल्यावरचा शनिवार-रविवार आणि जोडून सोमवारची रजा. आम्ही दोघं, चौथीतला लेक, सासूबाई आणि माझी आई. दोघी विहिणींना एकत्र घेऊन जायची ही पहिलीच वेळ, म्हणून हॉटेलात खोल्या घेण्यापेक्षा अख्खं घर घेऊ असं ठरलं. केळशीच्या अलीकडे एक घर अ‍ॅपवर सापडलं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटीवर झोपाळा, मागे पोफळी, परसात रहाटाची विहीर. रात्रीचे साडेचार हजार, दोन रात्रींचे नऊ, वर साफसफाईचे आठशे वेगळे. हे आठशे लक्षात ठेवा. तारे म्हणाल तर पाचपैकी चार पूर्णांक आठ.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असे गेलो. ताम्हिणीत धबधबे अजून वाहत होते, मागच्या सीटवर दोघी भोंडल्याची गाणी म्हणत होत्या. सहलीतला तेवढा भाग झकास झाला, हे आधीच नोंदवते.

साडेचारला पोचलो तर दाराला कुलूप. पंधरा मिनिटांनी एक बाई शेताच्या बाजूने धावतच आल्या. पदर खोचलेला, पायांना चिखल, हातात कोयती तशीच. कनवटीची किल्ली काढून त्यांनी दार उघडलं. आतून जो वास आला तो ज्यांनी जूनमध्ये बंद केलेली ट्रंक गणपतीत उघडलीय त्यांनाच कळेल. आईने तोल सावरायला कपाटाच्या दारावर हात टेकला आणि उचलला, तर पाचही बोटांना हिरवट भुकटी. चादरी धुतलेल्या होत्या, पण गादीवर बसलं की खालून गार ओल वर यायची. उशा वजनाने तांदळाच्या पिशवीसारख्या. मधल्या खोलीच्या चौकटीवर जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मातीची एक बोटभर रुंद रेघ गेलेली. लेकाने पेन्सिलीने जराशी उकरली, तर आत वाळवीची ये-जा चालू. पुढचा तासभर तो तिथून हलला नाही. पाचजणांत त्याची एकट्याचीच सहल वसूल झाली.

'सुसज्ज स्वयंपाकघरा'त एका कानाची कढई, चार झारे आणि एकही गाळणं नाही. झोपाळ्याची एक कडी गेलेली, तिथे नायलॉनची दोरी. फोटोत हिरवळ होती तिथे गुडघाभर गवत, आणि त्या बाईंनी पहिली सूचना दिली ती हीच की मुलाला गवतात सोडू नका, फुरसं असतं. म्हणजे विषारी साप.

आता काठीचं. न्हाणीघरात नळाशेजारी खिळ्याला सुतळीने एक काठी टांगलेली होती. हातभर लांब, टोकाला खाच पाडलेली, धरायच्या जागी वापरून गुळगुळीत झालेली. मला वाटलं मोरी ढवळायला असेल. बाई म्हणाल्या, "वयनी, गीजर चालू असला तर नलाला हात नुको लावू. ह्या काठीन फिरवा. मुंग्या येतात." दुधाची पिशवी फ्रीजमध्ये आहे हे सांगावं त्या सुरात सांगितलं. नवऱ्याने गीझरचं बटण बंद केलं, वर चिकटपट्टी मारली आणि दोन दिवस आम्ही गॅसवर पाणी तापवलं. सिलिंडर दुसऱ्या दिवशी दुपारी संपला.

पहिल्या रात्री परतीच्या पावसाची जोरदार सर आली आणि तीन ठिकाणी गळायला लागलं. दोन बादल्या, एक कढई. सासूबाई म्हणाल्या, तरी म्हटलं झारे चार आणि कढई एकच का.

मालक मुंबईला. फोनवर म्हणाले, "मॅडम, कोकणात ओल ही असणारच, तुम्ही निसर्गात आलाय." नळाचं सांगितलं तर, "अहो, ते सगळ्यांनाच नाही लागत." आणि शेवटी, "तिथलं आमची बाई बघते, तिने नीट लक्ष दिलं नाही वाटतं." मालक स्वतः आंब्याच्या मोसमानंतर तिकडे फिरकलेच नव्हते. बाईंना आम्ही येणार हे त्याच दिवशी अकराला कळलं, त्याही शेतात असताना. कापणी लागलेली. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात उभं, वर ढग, घरात माणसं तीन. आमच्या आठशेतले तीनशे त्यांना मिळतात.

जेवण त्यांच्याकडे सांगितलं होतं. दिवसभर कापणी करून आल्यावर त्यांनी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. ते जेवण आठवलं की माझा राग अर्धा होतो आणि मालकाचा आवाज आठवला की परत पूर्ण.

दुसरी रात्र न काढता रविवारी संध्याकाळी दापोलीत हॉटेल घेतलं. प्रश्न दोनच. पैसे परत मिळतील का? आणि अ‍ॅपवर खरं-खरं लिहिलं तर त्याचं खापर त्या बाईंवर फुटेल, त्याचं काय करू?

रातांबा | रविवार, रात्री १०.०५

बाप रे, ती काठी! फोटो काढलात का? जागेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. डिसेंबरात आम्ही त्याच बाजूला जातोय.

अडकित्ता | रविवार, रात्री १०.३१

राग मानू नका, पण शहरातली माणसं कौलारू घर हवं म्हणतात आणि मग ओल लागली की रडतात. आमच्या आजोळी आम्ही अकरा नातवंडं घोंगड्यांवर झोपायचो, वर पाणी ठिबकायचं, कोणी तारे देत नव्हतं. गाव हवं तर गावासारखं राहायची तयारी ठेवा.

कुंपणावरची | रविवार, रात्री १०.५०

अडकित्ता, तुमच्या आजोळी आजी रात्रीचे साडेचार हजार घ्यायची का? माझंही आजोळ चिपळूणकडचं आहे हो. शेणाने सारवलेली जमीन, विहिरीचं पाणी, रात्री कंदील घेऊन परसाकडे, सगळं केलंय. त्या घराला कधी असा वास नव्हता. गावात राहणं आणि पडक्यात राहणं यात फरक आहे.

रातांबा, फोटो आहे. उद्या रात्री टाकते.

तिसरी_पिन | सोमवार, सकाळी ७.१५

वाळवी, वास, गाद्या सगळं बाजूला ठेवा. मी तीस वर्षं वायरिंगची कामं केली आहेत. ती काठी वाचून काल झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'मुंग्या येतात' म्हणजे गीझरच्या आतलं पाणी तापवणारं एलिमेंट फुटलंय किंवा त्याचं आवरण गंजून विजेचा संबंध पाण्याशी आणि बाहेरच्या धातूशी येतोय. अशा वेळी वीज अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे. तिथे अर्थिंग एकतर नाहीच किंवा तुटलंय, तीन पिनांच्या सॉकेटातलं तिसरं भोक शोभेचं आहे. मग ती वीज नळात उभी राहते आणि वाट बघते. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून नळाला हात लावणारा माणूस हीच तिची वाट. आज मुंग्या आल्या, उद्या एलिमेंट आणखी फुटलं की माणूस नळाला चिकटतो. 'सगळ्यांनाच नाही लागत' हे खरंय, रबरी चप्पल घातलेल्याला कमी लागतं. चौथीतलं पोर अंघोळीला चप्पल घालून जात नाही.

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग करणं तसंही कटकटीचं. पाणी झरझर निचरून जातं, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि वीज जिरायला तयार होत नाही. खड्डा खोल घ्यावा लागतो, कोळसा-मीठ भरावं लागतं, मार्च-एप्रिलमध्ये वरून पाणी ओतावं लागतं. बंद घरात हे कोण करणार?

खोक्यातला नेहमीचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, असल्या गळतीला पडत नाही, तो जादा भाराला आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणूस वाचवतो तो ईएलसीबी. तीस मिलिअँपिअर गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. घरात शिरलात की आधी ते दाबा. वीज गेली तर ठीक. नाही गेली, किंवा असं बटणच सापडलं नाही, तर गीझर बंद ठेवून गॅसवर पाणी तापवा. मालकाला हे सगळं करून घ्यायला फार तर काही हजार लागतील. ताईंच्या यजमानांनी चिकटपट्टी मारली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली.

बुडीत_खातं | सोमवार, सकाळी ९.२०

वरचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावला आहे.

आमचा अनुभव मुळशीकडचा, 'स्विमिंग पूलसहित फार्महाउस'. पूल होता. पाण्याचा रंग मटारच्या उसळीचा. मालक म्हणाले मिनरल आहेत. बेडूक आनंदात होते, म्हणजे मिनरलच असणार.

खळ्यावरचा | सोमवार, दुपारी १.४५

मी गुहागर तालुक्यातला. घराचा एक भाग आम्ही पाहुण्यांना देतो, आठ वर्षं झाली. इथे सहसा वाचूनच जातो, पण आज दुसऱ्या बाजूनं बोलायला हवं. त्या मालकाच्या नाही, घराच्या.

आमच्याकडे वर्षाला तीन साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात घर उभं राहतं ते त्यात माणूस राबतो म्हणून. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, कौलं परतायची, म्हणजे उतरवून शेवाळ खरवडायचं, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. हल्ली माकडं इतकी झालीत की मे महिन्यात परतलेली कौलं जुलैत परत सरकलेली असतात. वर चढून ती बसवणारा माणूस रोज घरात लागतो. निसर्ग वादळानं ३ जून २०२० ला श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरं उघडी केली, तेव्हा कौलं आणि पत्रे मिळेनात. तेव्हापासून पुष्कळांनी कौलं काढून पत्रे टाकले. ज्यांनी ठेवलीत त्यांना ती दिसायला हवीत, राखायला नकोत, असंही झालंय.

दुसरं म्हणजे धूर. पूर्वी माजघरामागे चूल दिवसभर धगधगायची. तो धूर आढ्यापर्यंत जायचा, लाकूड कोरडं राहायचं, वाळवी न् भुंगा लांब राहायचा. चूल गेली, खिडक्या बंद, दाराला कुलूप. मग चार महिन्यांत भिंत घाम गाळते. जांभा पाणी पितो, वर सिमेंटचा गिलावा न् ऑईलपेंट मारला की ते पाणी आतल्या आत कोंडतं. ताईंनी लिहिलंय तो वास त्याचा. चुन्याचा हात दिलेल्या, रोज उघडणाऱ्या घराला तो येत नाही. ताईंच्या आजोळच्या घराला नव्हता, कारण तिथे आजी होती.

आम्ही १५ जून ते गणपतीपर्यंत बुकिंग घेत नाही. गाद्या प्लास्टिकात बांधून माळ्यावर. गणपतीनंतर कडक ऊन पडलं की काढून दोन दिवस खळ्यात वाळवायच्या, उशा फोडून कापूस पिंजून परत भरायच्या. दसरा ते दिवाळी हा सगळ्यात वाईट काळ, आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला सुट्टी असते. ऊन धड नाही, परतीचा पाऊस केव्हाही, आणि गावातली सगळी माणसं कापणीला. हळवं झालं की निमगरवं, मग उशिरा तयार होणारं गरवं, मग झोडणी. त्या दिवसांत पाचशे रुपये रोज देऊनही तुम्हाला झाडू मारायला माणूस मिळणार नाही, कारण भात भिजलं तर वर्षाचं जेवण भिजतं. ती बाई कोयती टाकून धावत आली यातच काय ते ओळखा.

हे मुंबईत बसलेल्या मालकाला माहीत नसेल असं नाही. तोही इथलाच असणार, किंवा त्याचा बाप तरी. वडिलार्जित घर बंद पडून राहण्यापेक्षा चार पैसे मिळतात म्हणून अ‍ॅपवर टाकतात, फोटोग्राफर आणून नोव्हेंबरच्या उन्हात फोटो काढतात, आणि मग घर आपापलं चालेल असं समजतात. दुभतं जनावर बांधून ठेवून चारा न घालण्यातला प्रकार.

आमच्याकडेही गळतं कधी, नाही म्हणत नाही. पण पाहुणा येण्याआधी मी फोन करून सांगतो, की मधल्या खोलीत थोडं गळतंय, भाडं कमी घेतो, यायचं तर या. निम्मे तरी येतात.

अडकित्ता | सोमवार, दुपारी २.३०

खळ्यावरचा, मान गये. माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. घोंगडीचा अर्धा ठेवतो.

कागदी_घोडा | सोमवार, सायंकाळी ६.१०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कुंपणावरची, तुमची बाजू भक्कम आहे, फक्त क्रम चुकवू नका.

आधी अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. फोनवर बोलू नका, बोललात तर लगेच 'आत्ता झालेल्या बोलण्याप्रमाणे' असा मेल टाका. तक्रारीत 'मन खट्टू झालं', 'आईला वाईट वाटलं' असलं काही नको. जाहिरातीत काय लिहिलं होतं, प्रत्यक्षात काय होतं, सोबत कोणता फोटो, बस. आणि नळाचा मुद्दा पहिला, वास शेवटी. वासाचा फोटो येत नाही.

त्यांनी दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याचदा एवढ्यानेच कंपन्या हलतात. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, रत्नागिरीला खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. नऊ हजारांसाठी एवढं कोण करतो, असं मालक धरून चाललेला असतो. तारखा पडतात, वेळ जातो, ते खोटं सांगणार नाही. पण नोटीस गेल्यावर तडजोडीचे फोन येतात हेही पाहिलंय.

एक चूक झालीय तुमच्याकडून. रविवारी घर सोडलंत तेव्हाच अ‍ॅपवर कळवायला हवं होतं. कळवलंत का?

कुंपणावरची | सोमवार, सायंकाळी ७.००

नवऱ्याने शनिवारी रात्रीच चॅटमध्ये फोटोंसकट टाकलं होतं, 'रेंज नाही, उद्या बोलू' असं मालकाचं उत्तरही आहे. रेंज आम्हाला नव्हती, त्यांना कशी नव्हती माहीत नाही.

खळ्यावरचा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, चुन्याचा हात द्यायचे आमचे अण्णा. मग बराच वेळ काही बोलली नाही.

पाटाचं_पाणी | सोमवार, रात्री ९.१५

वाईट अनुभवांच्या ढिगात एक चांगला. कासवांची पिल्लं बाहेर पडतात त्या दिवसांत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो होतो. तिथे गावातल्याच घरांमध्ये राहायचं. झोपायला साधी सतरंजी-गादी, न्हाणीघर मागच्या अंगणात. एसी, टीव्ही, टॉवेलचे हंस, काही नाही. पण सगळं कोरडं, लख्ख, आणि घरातलं माणूस समोर. काही लागलं तर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन 'काकू' म्हणायचं. सकाळी सहाला सगळे किनाऱ्यावर, घरट्यावरची टोपली उचलल्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात ते बघायला. आमच्या दिवशी एकही पिल्लू आलं नाही आणि तरी कोणी कुरकुरलं नाही. आधीच सांगितलं होतं त्यांनी, निसर्ग आहे, हमी नाही. 'निसर्गात आलाय' हे वाक्य तिथेही होतं, पण ते कासवांबद्दल होतं, नळाबद्दल नाही.

ओंबी | मंगळवार, पहाटे २.५०

फ्रान्समध्ये असते, म्हणून ही वेळ. इथे खेड्यातली घरं भाड्याने देण्याची जुनी पद्धत आहे, त्यांची 'झीत द फ्रान्स' नावाची संघटना १९५५ पासून आहे. ती घरांना ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. माणूस येऊन घर बघून जातो आणि मग ओंब्या मिळतात, पाहुण्यांच्या मर्जीवर नाही. एका ओंबीचं घर साधंच असतं, पण ते साधं आहे हे आधी कळतं. बऱ्याच ठिकाणी चादरी आपल्या आपण न्यायच्या आणि निघताना घर झाडून द्यायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला अपमान वाटला होता. पैसे देऊन झाडू मी मारायचा? आता वाटतं, बरं आहे, निदान आठशे घेऊन तीनशे देणारं मध्ये कोणी नसतं.

तरी इथेही एकदा उंदीर होता. फ्रेंच उंदीर, चीज सोडून माझे शंकरपाळे खाल्ले.

रातांबा | मंगळवार, सकाळी ९.००

काठीचा फोटो अजून आला नाही. आणि व्यनिही.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ११.२५

चार पूर्णांक आठ ताऱ्यांबद्दल. मी आता कुठलंही घर घेताना अभिप्राय तारखेप्रमाणे लावून बघतो आणि जुलै ते ऑक्टोबरमधले वेगळे वाचतो. डिसेंबरात आलेल्या माणसाला कोकणातलं कुठलंही घर स्वर्गच वाटतं, त्याच्या ताऱ्यांचा ऑक्टोबरात जाणाऱ्याला उपयोग नाही. पावसाळ्यातला एकही अभिप्राय नसेल तर मालकाला सरळ फोन करून विचारायचं, 'गणपतीनंतर घर कोणी उघडलंय का?' यावर माणूस किती वेळ थांबतो ते मोजायचं.

दुसरं, 'घरात काही बिघडलं तर मदतीला कोण, आणि तो माणूस किती लांब?' हेही. तुमच्या जागी ते उत्तर 'शेतात' असं होतं.

चिंचोका | मंगळवार, दुपारी १२.१०

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. अभिप्राय लिहा, पण त्यात बाईंचा 'ब'ही नको, चांगला नाही न् वाईटही नाही. आमच्या काकूंच्या बाबतीत झालंय. पाहुण्यांनी भरभरून लिहिलं, 'घर सुमार पण केअरटेकर काकू देवमाणूस, वेगळे पैसे दिले.' मालकाने ते वाचलं आणि पुढच्या वेळेपासून 'तुला पाहुण्यांकडून मिळतं ना' म्हणून ठरलेलं निम्मं केलं. चांगुलपणाचा फटका. पैसे द्यायचे तर हातात द्या आणि लिहू नका कुठे.

खळ्यावरचा | मंगळवार, दुपारी १.३०

चिंचोका, अगदी खरं. आणि आधीच्या पाहुण्यांनाही विचारावंसं वाटतं. ती काठी गुळगुळीत होईपर्यंत किती हात लागले असतील? त्या सगळ्यांनी पाच तारे दिले?

तिसरी_पिन | मंगळवार, दुपारी २.०५

हेच. मीही तेच मोजत बसलोय.

कुंपणावरची | पुढच्या मंगळवारी, रात्री ८.३०

थोडं अपडेट.

कागदी_घोडा यांनी सांगितलं तशी तक्रार केली, नळ पहिला, वास शेवटी. पोच दुसऱ्या दिवशी आली. मग 'सदिच्छा म्हणून पुढच्या बुकिंगवर हजार रुपयांचं कूपन' आलं. नको म्हटलं. १९१५ वर नोंद केली आणि तिचा क्रमांक त्यांना कळवला, तर तीन दिवसांत दुसऱ्या रात्रीचं भाडं आणि साफसफाईचे आठशे परत आले. पहिल्या रात्रीचे नाहीत, 'आपण वास्तव्य केलेत' म्हणून. बादल्यांखाली केलं खरं. तेवढ्यावर सोडलं, मला नोकरी आहे.

अभिप्रायात फक्त गीझर, अर्थिंग, गळती आणि तारीख लिहिली. तारे एक. बाईंचा उल्लेख नाही.

निघताना आईचा पोह्यांचा डबा तिथे राहिला होता. त्यासाठी परवा बाईंचाच फोन आला. डबा पाठवू का, पुण्याची एसटी पकडणारं कोणीतरी आहे म्हणाल्या. मी भीतभीतच विचारलं, मालक काही बोलले का? "बोल्ले ना. वायरमन धाडलान. दोन दिस खपत व्हता, भिंत फोडलान, नवा डबा बसवलान." मग म्हटलं, काठी काढली का? तर म्हणाल्या, ऱ्हावू दे की टांगलेली. लाईट गेली की चाचपायला बरी पडते.

आणि कापणी? गरवं अजून उभं आहे. पाऊस गेला.

रातांबा, हा घ्या काठीचा फोटो. नाव व्यनि केलंय.

बुडीत_खातं | पुढच्या मंगळवारी, रात्री ८.४४

मलाही व्यनि.

घाटमाथा | पुढच्या मंगळवारी, रात्री ८.५०

मलाही, टाळायच्या यादीत टाकायला.

अडकित्ता | पुढच्या मंगळवारी, रात्री ९.१२

मला घराचं नाव नको. त्या बाईंचा नंबर, त्यांची हरकत नसेल तर, व्यनि करा. डिसेंबरात दापोलीला राहतोय, जेवायला तिकडे जाईन म्हणतो. कुळथाची पिठी खाऊन वर्ष झालं.